रोल नंबर नऊ, आजचा सुविचार

‘शाळाऽऽ, सावधाऽऽन!’ असं कुणी मागून ओरडलं तर आजही माझ्या टाचा आपोआप जुळतात. बँकेच्या रांगेत असलो तरी. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं रोज अकराच्या उन्हात परिपाठाला उभं राहिलेल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवू नये.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. शाळेचं नाव सांगत नाही. पुढे जे येणार आहे त्यात शाळेचा काही दोष नाही, सगळा माझाच आहे, पण तरीही नको. साल १९९४. मी नववी ‘ब’, रोल नंबर नऊ.

परिपाठाचा आठवडा वर्गावार फिरायचा. आपल्या वर्गाचा आठवडा आला की रोज चार रोल नंबर चौथऱ्यावर. पहिल्याचा सुविचार, दुसऱ्याचा दिनविशेष, तिसऱ्याच्या बातम्या आणि चौथ्याची बोधकथा. सोमवारी एक ते चार, मंगळवारी पाच ते आठ, म्हणजे बुधवारचा सुविचार माझ्या कपाळी लिहिलेला. लोक म्हणायचे, तुझं नशीब चांगलं, एक ओळ म्हटली की सुटलास. खरं होतं ते. बाराव्या नंबरची अवस्था बघवायची नाही. बोधकथा म्हणजे तीन मिनिटं बोलायचं, तेही माइकशिवाय. आमचा माइक १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीलाच कपाटाबाहेर यायचा, आणि तेव्हाही त्यातून मुख्यतः शिट्टीच ऐकू यायची. त्यामुळे सगळे बारा नंबरवाले ससा-कासवाला शरण जायचे. सहा वर्षांत ते कासव किती वेळा जिंकलं याची गणती नाही.

बातम्यांचं शास्त्र वेगळं. गावात पेपर एसटीने यायचा आणि पेपरवाला तो आपल्या सवडीने टाकायचा. म्हणून बातम्यावाला सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी वही-पेन घेऊन रेडिओपुढे बसायचा. आकाशवाणीचं पुणे केंद्र, प्रादेशिक बातम्या. निवेदक काही आपल्यासाठी थांबत नाही. एक बातमी उतरवून होईस्तोवर पुढच्या दोन निसटायच्या. बऱ्याच जणांच्या वहीत पूर्ण उतरायचं ते फक्त शेवटचं हवामान. त्यामुळे आमच्या पटांगणात ‘येत्या चोवीस तासांत कोकण-गोव्यात तुरळक ठिकाणी’ हे इतक्या वेळा घोषित झालंय की कोकण-गोव्याने आमचे आभार मानायला हवेत.

आणि दिनविशेष! मोठी तारीख वाट्याला आली तर माणूस राजा. ३ जानेवारी म्हणजे सावित्रीबाई फुले, जन्म १८३१, आणि नायगाव तर आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणजे छाती दुप्पट. पण मधल्या कोरड्या तारखांना काय करायचं? अशाच एका दिवशी आमच्या दहा नंबरने घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा आधार घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “आज संकष्ट चतुर्थी. चंद्रोदय नऊ वाजून बारा मिनिटांनी.” मागच्या रांगेतल्या शिपाईमामांनी नकळत हात जोडले.

हे सगळं व्हायच्या आधी राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, त्यामुळे सोसायचं. कसोटी प्रतिज्ञेची. उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर धरायचा, आणि तो समृद्ध परंपरांपर्यंत येता येता हळूहळू समोरच्याच्या दप्तरावर टेकायचा. त्या परंपरांचा ‘पाईक’ व्हायचं असतं. मी सातवीपर्यंत ‘पाईप’ म्हणत होतो. अर्थाला कुठे अडत नव्हतं, परंपरा पाइपातूनच पुढे जात असणार. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या कोषागार अधिकाऱ्याने १९६२ साली तेलुगूत लिहिली, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. सहा वर्षांत एकाही दहा नंबरला हा दिनविशेष सापडला नव्हता.

तर सुविचार. ऐकायला सोपा, पण आमचे मुख्याध्यापक सर इतिहासाचे, आणि त्यांची स्मरणशक्ती न्यायालयात पुरावा म्हणून चालली असती. ‘वाचाल तर वाचाल’ म्हटलं की पायरीवरून आवाज यायचा, “हा गेल्या गुरुवारी झाला.” ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हटलं की, “ही म्हण आहे. सुविचार वेगळा, म्हण वेगळी. बस.” आपली म्हण चालायची नाही, परदेशी म्हण मात्र सुविचारात जमा व्हायची. हा बारकावा पुढे माझ्या कामी आला. आदल्याच दिवशी आमच्या पाच नंबरने मळीच्या टँकरमागचं वाक्य मराठीत उतरवून आणलं होतं, “वाईट नजर असणाऱ्याचे तोंड काळे होते.” सर दोन क्षण विचारात पडले. मग म्हणाले, “आशय ठीक आहे, भाषा सुधार.”

बुधवारी सकाळी मी सुविचार साफ विसरलो. आठवला तेव्हा शाळा दोन फर्लांगांवर होती आणि पहिली घंटा झाली होती. पळालो. दत्ताच्या देवळापाशी उजव्या स्लिपरचा पट्टा अंगठ्याजवळून उपसला. खिशातली सेफ्टी पिन लावली, ती चार पावलांत सुटली. मग पाय उचलायचा नाही, नुसता ओढायचा, असा मी फाटकातून आत आलो. रोजचा तो दोन फर्लांगांचा रस्ता त्या दिवशी मला थेट कराडपर्यंत गेल्यासारखा वाटला.

प्रार्थना संपली. “रोल नंबर नऊ, आजचा सुविचार.” मी फरफटत चौथऱ्यावर चढलो. समोर सात-आठशे डोकी. पहिल्या रांगेत पाचवीची पोरं, त्यांची नजर थेट माझ्या स्लिपरवर. डोक्यात एकही ओळ नाही. ‘आजचा सुविचार’ म्हणून झालं, पुढे शांतता. खाली बघितलं आणि जे समोर होतं तेच तोंडातून निघून गेलं.

“ज्याची चप्पल तुटते, त्यालाच रस्त्याची लांबी कळते.”

शांतता तशीच. मी उतरायला पाय ओढला, तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, “थांब. कुणाचं वचन आहे हे?”

माझं आहे म्हणायची सोय नव्हती. थोरांचं नाव घ्यावं तर सरांनी सगळे थोर वाचलेले. जो इथे येऊन नाही म्हणणार नाही असा कुणीतरी हवा होता.

“चिनी म्हण आहे, सर.”

सरांनी डोळे मिटले. “वाऽ!” म्हणाले. मग चौथऱ्यावर आले आणि शाळेला ‘विश्राम’ दिला. आमच्याकडे हे फार कमी वेळा व्हायचं. “चप्पल म्हणजे इथे काय?” त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. “चप्पल म्हणजे साधन. रस्ता म्हणजे?” “जीवन!” सगळी शाळा एका सुरात ओरडली, कारण रस्ता, नदी, दिवा, दोरी, काहीही विचारलं तरी उत्तर ‘जीवन’ असतं हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक होतं. तिथून सर ह्युएन त्संगवर गेले. सातव्या शतकात तो चीनमधून वाळवंटं आणि डोंगर ओलांडत भारतात आला, पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. “मुलांनो, त्याच्या किती चपला तुटल्या असतील! अशा वाटचालीतूनच ही म्हण जन्मली असणार.” मी शेजारी एका पायावर उभा. सरांच्या तोंडून माझ्या स्लिपरचा इतिहास तेराशे वर्षं मागे जाताना मी प्रत्यक्ष ऐकला.

हे पंचवीस मिनिटं चाललं. सातवीतल्या एका मुलीला चक्कर आली, तिला सावलीत नेलं. मला वाटलं, आता खाली उतरलो की पोरं मला मारणार. पण वर्गात शिरलो तर टाळ्या. पंचवीस मिनिटांत आमचा पहिला तास गेला होता, आणि बुधवारचा पहिला तास गणिताचा.

कारखाना तिथून सुरू झाला.

मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गांतले लोक मला शोधत यायला लागले. “ए नऊ नंबर, गुरुवारी आमची बीजगणिताची चाचणी आहे. लांबेल असा एक दे.” भाव ठरला: साधा सुविचार एक चिक्की, सरांचं भाषण दहा मिनिटांच्या वर गेलं तर दोन. कृती सोपी होती. घरातली एखादी बिघडलेली वस्तू घ्यायची, तिला ‘ज्याची’ आणि ‘त्यालाच’ लावायचं आणि एका लांबच्या देशाच्या नावावर चढवायचं. ‘ज्याची छत्री उडते, त्यालाच वाऱ्याची दिशा कळते’, जपानी म्हण. ‘ज्याचा कंदील विझतो, त्यालाच चांदणे दिसते’, ही पर्शियन. खरं सांगतो, कंदिलाची मला आजही आवडते. तिला सरांनी अठरा मिनिटं दिली, आठवीचा भूगोल गेला.

दरम्यान चपलेची म्हण भिंतीवर चढली. सरांच्या सांगण्यावरून चित्रकलेच्या सरांनी पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर ती निळ्या ऑइलपेंटने लिहिली, खाली ‘– चिनी म्हण’, आणि शेजारी एका चपलेचं चित्र. चप्पल मात्र कोल्हापुरी काढली. चिनी चप्पल कशी असते ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही.

घात केला आठवी ‘अ’च्या एका पोराने. त्याला मी रशियाची म्हण दिली होती, घड्याळाची. ‘ज्याचे घड्याळ बंद पडते, त्यालाच वेळ कळते.’ पोरगा चौथऱ्यावर गेला आणि गांगरला. आणि गांगरलेला माणूस करतो तेच त्याने केलं, स्वतःच्या आयुष्यातलं घातलं. रोज वाडीवरून एसटीने यायचा बिचारा.

“रशियन म्हण. ज्याची एसटी चुकते, त्यालाच घड्याळाची किंमत कळते.”

सरांनी डोळे मिटले. मग हळूच एक उघडला.

“रशियात एसटी आहे?”

“असेल, सर.”

“एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून निघाली,” सर म्हणाले, “आणि नगरला पोचली. मॉस्कोला नाही. कुणी दिला हा सुविचार?”

पोराने एक चिक्की मोजली होती, तेवढ्यासाठी तो किती वेळ गप्प बसणार? सात-आठशे माना माझ्याकडे वळल्या.

ऑफिसात बोलावणं आलं. भिंतीवर नेत्यांच्या तसबिरी, टेबलावर पृथ्वीचा गोल, त्यावर चीन नेमका माझ्याकडे तोंड करून. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कंदील?”

“माझा, सर.”

“छत्री?”

“माझीच, सर.”

“आणि चप्पल?”

या ‘चप्पल’ला त्यांचा आवाज जरा खाली गेला. मी उत्तर देण्याऐवजी पायाकडे बघितलं. त्यांनीही टेबलावरून वाकून बघितलं. पट्ट्याखाली सेफ्टी पिन तशीच होती, आता जरा गंजलेली. पंचवीस मिनिटं ह्युएन त्संग सांगितलेल्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. मिशी थरथरली. रागाने की कशाने, सांगता येणार नाही.

“ऑइलपेंट आहे तो,” शेवटी ते म्हणाले. “खरवडायचा खर्च मंजूर होणार नाही. राहू दे. पण यातलं चीनला काही कळवू नकोस.”

शिक्षा झालीच. सहामाहीपर्यंत रोजचा दिनविशेष मी सांगायचा, आणि सोबत पुस्तकाचं नाव आणि पान नंबर. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या बाई मला बघितलं की पर्स उघडायच्या. कोरड्या तारखांना मी इतकी पानं उलटली की सहामाहीत इतिहासात वर्गात पहिला आलो. घरी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “गणितात किती?” गणितात तेहतीस होते. इतके तास बुडवल्यावर दुसरं काय होणार.

माझं नाव अजून गावच्याच मतदारयादीत आहे. गेल्या निवडणुकीला गेलो तर केंद्र त्याच शाळेत, आणि रांग नेमकी पाण्याच्या टाकीवरून वळलेली. भिंत होती. निळा रंग आता राखाडी झालाय, कोल्हापुरी चपलेचं नुसतं टाचेकडचं अर्धं उरलंय. ‘ज्याची’मधली वेलांटी गेली आहे. ‘चिनी म्हण’ मात्र शाबूत, त्यावर बहुतेक कुणीतरी पुन्हा ब्रश फिरवला असावा.

माझ्यापुढे एक आजोबा उभे होते, फेटा, काठी, अंगठाफोड वहाणा. रांग हलत नव्हती, म्हणून त्यांनी भिंत वाचली. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत. वाचून झाल्यावर आपल्या वहाणांकडे बघितलं, मग मागे वळून माझ्याकडे.

“लई डोक्याची माणसं बगा ही चिनी,” ते म्हणाले.

“होय की,” मी म्हटलं, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.