गुळाने फुफ्फुसं साफ होत नाहीत, पंप बंद करू नका

माझ्या मावशीला जुना दमा आहे. परवा फोनवर तिला एक वाक्य धड पुरं करता येईना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, रोज ओढायचा दम्याच्या औषधाचा पंप (इनहेलर) तिने बंद केलाय. कारण घरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज. तुम्हालाही आला असेल: प्रदूषणावर रोज गुळाचा खडा खा, फुफ्फुसं स्वच्छ होतात, पंपाची सवय लागते, तो सोडा, आपल्या आज्या चुलीच्या धुरात राहूनही ठणठणीत होत्या, आणि मुंबईची घाण समुद्राचा वारा उडवून नेतो.

पंपाचं आधी, कारण यात जीव जाऊ शकतो. दमा वर्षानुवर्षं राहतो, म्हणून औषधही रोज लागतं. त्याला व्यसन म्हणत नाहीत. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणारं औषध, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. दम्याचा जोराचा अटॅक आला की पोटातून द्यावं लागतं ते मिलिग्रॅममध्ये. म्हणजे स्टेरॉइडच्या धास्तीने कुणी पंप टाकला, तर मग स्टेरॉइडच कितीतरी पटींनी घ्यावं लागतं. पंपाने तोंडात बुरशी येऊ शकते, हे खरं. त्यासाठी पंप ओढल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं, एवढंच. मावशीचा रोजचा पंप कपाटात मागे पडला होता आणि तात्पुरत्या आरामाचा निळा पंप दिवसातून चार-पाचदा चालला होता. दमा हाताबाहेर जात असल्याची ही सरळ खूण आहे.

गुळामागे एक अभ्यास आहे, तेवढं मान्य करावं लागेल. १९९४ साली साहू आणि सक्सेना यांनी तो 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज' या नियतकालिकात छापला. पण प्रयोग उंदरांवर होता. त्यांच्या श्वासनलिकेत कोळशाची आणि सिलिकाची धूळ सोडली होती. गूळ दिलेल्या उंदरांत ते कण फुफ्फुसांतून जवळच्या लसिकाग्रंथींकडे (लिम्फ नोड्सकडे) जास्त सरकले. ग्रंथींकडे, अंगाबाहेर नव्हे! त्यात माणूस नाही, दमा नाही, डिझेलचा धूर नाही. यावरून पंप सोडायला सांगणं हा गुन्हा आहे. शिवाय मावशीला मधुमेह आहे, आणि गूळ म्हणजे बहुतांशी साखरच.

चुलीचं वाचून तर डोकंच फिरलं. ठणठणीत आज्या आठवतात. खोकून खोकून गेलेल्यांना 'वय झालं होतं' म्हणून आपण मोकळे झालो. पुण्याचे फुफ्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलंय की धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीमागे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार) लाकूड-शेणीचा धूर हे जगातलं सगळ्यात मोठं कारण असू शकतं. मावशीनेही लग्नानंतर कित्येक वर्षं ओल्या लाकडांपुढे फुंकणी धरली आहे.

राहिला समुद्र. वारा दिवसा समुद्राकडून येतो, रात्री दिशा बदलतो. थंडीत तो मंदावतो आणि धूळ-धूर जमिनीलगत कोंडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. समुद्र तेव्हाही तिथेच होता.

मावशीला डॉक्टरांकडे नेलं, पंप पुन्हा सुरू झालाय. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर स्पष्ट लिहावं की तो खोटा आहे. गुपचूप डिलीट करून भागणार नाही, वाचणाऱ्यांनी तो वाचलाय.