‘वडापाववाला सुखी, नोकरदार दुःखी’ हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. ‘वडापाववाल्याला ना बॉस, ना टॅक्स, ना टेन्शन. रात्री निवांत झोपतो. एसीत बसणारा नोकरदार मात्र हप्त्यांच्या काळजीनं कूस बदलत राहतो.’ वाचायला गोड वाटतं, म्हणूनच खोडून काढायला हवं.

‘बॉस नाही.’ साहेब नसेल, पण अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की तापलेल्या कढईसकट पळावं लागतं. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला, तरी ही पळापळ थांबलेली नाही. आणि वडापाववालाच कशाला, ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी? मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. आजारपणानं एक दिवस बुडाला तरी खाडा लागतो, वर दंड. बॉस आणखी कसा असतो?

‘टॅक्स नाही.’ तेलावर, सिलिंडरवर जीएसटी तोही भरतो. प्राप्तिकर तर कमी पगाराच्या नोकरदारालाही लागत नाही.

‘निवांत झोपतो.’ दमून झोप लागणं वेगळं आणि निर्धास्त झोपणं वेगळं. पाय मोडला तर गाडी बंद, त्या दिवसापासून कमाई शून्य. नोकरदाराला निदान आजारपणाची रजा असते, पीएफ असतो. त्याची झोप उडते तीही बहुधा नोकरी जाईल या धास्तीनं, आणि वडापाववाला त्याच धास्तीत रोज गाडी लावतो.

एक गोष्ट मान्य करते. स्वतःच्या वेळेनं काम करण्याचं समाधान खरं असतं. पोरांची शाळा सांभाळून भाजी विकणारी बाई ते सोडायला सहजी तयार होणार नाही. पण तिला वेळेची मोकळीक हवी असते, म्हातारपणी हात रिकामे राहावेत असं नव्हे.

या मजकुराला खरं उत्तर माथाडींनी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांनी, कधीच दिलंय. पाठीवरचं ओझं तेच, घाम तोच. तरीही कामगार नेते अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते लढले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. या कायद्यानं नेमलेल्या माथाडी मंडळात हमालांच्या टोळीची नोंद होते, मालकाला मजुरीवर लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, भरावी लागते. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. काम न बदलता फक्त उद्याची खात्री मागून घेतली त्यांनी. मोकळ्या हमालीत समाधान होतं, तर त्यांनी मंडळ कशाला मागितलं असतं? तो कायदा सैल करायची भाषा निघाली की माथाडी आजही रस्त्यावर उतरतात.