थर्मोस्टॅट काढून शर्यतीची गाडी थंड राहत नाही

ट्रॅकवर गाडी तापू नये म्हणून काय करावं, याची एक यादी सध्या मुंबईतल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाका. कूलंट पाणी न मिसळता भरा. मोठा पंखा बसवा. बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवा. तापमानाचा काटा मध्यावर असेपर्यंत निर्धास्त राहा. तापलीच तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी आणा, इंजिन बंद करा, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओता. शेवटी पुरावा: ‘सायनच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून तासभर उभी होती, काटा हलला नाही.’ यावर विसंबून कुणी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर गाडी नेली, तर इंजिनाचं हेड (सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग) वाकवून परत आणेल. म्हणून हे सविस्तर.

आधी तो पुरावाच बघू. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन थोडीच उष्णता तयार करतं, पण तिला वारा मिळत नाही. ट्रॅकवर वारा भरपूर, पण इंजिन सतत पूर्ण ताकदीने चालतं. जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये उतरतो. चाकांना ७५ किलोवॅट देणारं इंजिन त्याच वेळी पन्नासच्या पुढे किलोवॅट उष्णता रेडिएटरकडे ढकलत असतं. शिवाय रेडिएटरचं काम चालतं ते पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंश आणि हवा २५ असेल तर फरक ७० चा. चेन्नईच्या दुपारी हवा ३८ झाली की तो ५७ वर येतो, म्हणजे रेडिएटरची जवळजवळ पाचव्या हिश्श्याची ताकद गेली. सायनला पास झालेली गाडी ट्रॅकवर पास होईल, हे त्यामुळे सिद्धच होत नाही. या यादीतले काही उपाय उभ्या गाडीचेच आहेत.

आता थर्मोस्टॅट. तो पाण्याची वाट अडवतो, असं यादी म्हणते. पूर्ण उघडल्यावरही तो थोडा अडथळा करतो, इथपर्यंत खरं. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची दुसरी चकती बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट, बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता पुन्हा इंजिनात फिरतो. म्हणजे थंड करायला गेलात आणि तापवलीत.

थर्मोस्टॅट काढू नका असं सांगणारे जाणकार मेकॅनिकही अनेकदा चुकीचं कारण देतात: पाणी फार जोरात गेलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळ मिळत नाही. हे बरोबर नाही; तेच पाणी पुन्हापुन्हा येत असतं. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच निघते, कमी नाही. खरं कारण दाबाचं आहे. पुढे अडथळा असला की पंप ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या आत दाब टिकवतो. दाब टिकला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जिथे हेड सर्वांत तापतं, तिथे वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. वाफ धरली की त्या जागी धातूला पाणी शिवत नाही, तो भाग बेसुमार तापतो, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि हेड व ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट उडतं. निव्वळ शर्यतीच्या इंजिनांत थर्मोस्टॅट काढतात, पण त्या जागी भोकाची चकती बसवतात आणि बायपास बंद करतात. ही दोन्ही कामं करणार नसाल, तर चांगला नवा थर्मोस्टॅट बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून, तो कधी उघडतो ते बघा. अनेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांदरम्यान उघडायला लागतो.

निव्वळ कूलंट भरणं तर उलटच आहे. एक किलो पाण्याचं तापमान एक अंश वाढायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, कूलंटमधल्या मुख्य द्रवाला, ग्लायकॉलला, सुमारे २.४. म्हणजे उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. ग्लायकॉलने उकळण्याचा बिंदू वाढतो हे खरं, पण त्यातलं बरंच काम रेडिएटरचं दाब धरणारं झाकणही करतं: एक बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर आधी ते बदला. मुंबईत पाणी गोठायची भीती नाही, गंजाची आहे, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक हे मिश्रण ट्रॅकसाठी चांगलं. सोसायटीत येणारं टँकरचं पाणी चालणार नाही, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. आणखी एक: सांडलेलं ग्लायकॉल ट्रॅकवर निसरडं होतं आणि मागच्या गाडीला घसरवतं. त्यामुळे अनेक शर्यतींच्या नियमांत त्याला बंदी असते. निघण्याआधी नियम वाचा.

पंखा ताशी साठच्या पुढे फारसा कामाचा नाही. पुढून येणारा वारा त्याच्याहून जास्त हवा ढकलतो. लक्ष घालायचं ते हवेच्या वाटेत. बंपरच्या जाळीतून आत आलेली हवा सोपी वाट शोधते आणि रेडिएटरच्या बाजूने, वरून, खालून निसटते. त्या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने आणि फोमने बंद करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मोठा रेडिएटर शोधून आणण्याआधी हे करा; खर्च किरकोळ आणि फरक तापमानात दिसतो. फक्त ट्रॅकवरच धावणारी गाडी असेल तर एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सरही काढा. तो रेडिएटरच्या पुढ्यात उभा असतो.

वॉशरची गोष्ट मला सर्वांत खटकते, कारण उभ्या गाडीत ती खरंच चालते: गरम हवा मागच्या फटीतून वर निघते. वेगात मात्र काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. हवा त्या फटीतून उलट आत येते आणि रेडिएटरमागची गरम हवा अडते. बोनेटला झरोके पाडायचेच असतील तर पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडं मागे पाडा.

काट्याबद्दल थोडक्यात. अनेक कंपन्या तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवतात. तापमान बरंच बदललं तरी तो हलत नाही. पाणी गळून सेन्सर कोरडा पडला तर तो खाली आलेलाही दिसू शकतो. कूलंटच्या तापमानाचा आकडे दाखवणारा वेगळा मीटर लावा, शक्य असेल तर तेलाचाही. तापलेलं तेल पातळ होऊन बेअरिंग जाते आणि पाण्याच्या काट्यावर त्याची चाहूलही लागत नाही.

राहिलं पिटमध्ये पाणी ओतणं. हे करू नका, माणूस भाजतो. झाकण उघडताच दाब जातो आणि शंभराच्या वरचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी गेलं तर तडा जाऊ शकतो. आकडा चढायला लागला की वेग कमी करा, वरचा गिअर टाका, हीटर पूर्ण उघडा आणि एक लॅप सावकाश फिरून या. पिटमध्ये पंखा चालू ठेवून एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, मग बंद करा. पाणीच गळालं असेल तर मात्र लॅप पुरी न करता ट्रॅकबाहेर सुरक्षित जागी थांबून लगेच बंद करा. पुरती गार झाल्यावर झाकण काढा, पाणी किती कमी झालं ते मोजा. नंतर इंजिन सुरू करून कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरमधला वायू गॅस्केटमधून पाण्यात शिरतो आहे. अशी गाडी पुढच्या सेशनला उतरवू नका.