ब्रिटनच्या निकालात 'ट्रान्सजेंडर असं काही नसतंच' हे वाक्य कुठेही नाही

रात्री साडेअकराला मावशीचा फोन आला. "अगं, त्याची तिकडची नोकरी जाईल का?" एवढंच विचारून ती रडायलाच लागली. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, लेस्टरला एका गोदामात सुपरवायझर आहे. जन्माच्या दाखल्यावर त्याची नोंद 'मुलगी' अशी झाली होती. आज त्याला दाट दाढी आहे. मावशीने वाचलं होतं ते नात्यातल्याच एका काकांनी आमच्या गटावर टाकलेलं, हजारदा फिरून आलेलं: "ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा एकमताने निकाल! ट्रान्सजेंडर असं काही नसतंच. त्यांचे सगळे हक्क रद्द. आता आपल्या कोर्टांनीही हेच करावं."

'एकमताने' हे खरं आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. त्यापुढचं एकही वाक्य टिकत नाही.

"ट्रान्सजेंडर असं काही नसतंच." न्यायालयापुढे हा प्रश्नच नव्हता. स्कॉटलंडने २०१८ मध्ये कायदा केला, की सरकारी मंडळांवर निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात. बदललेली ओळख कायद्याने मान्य करणारं लिंगओळख प्रमाणपत्र घेतलेल्या ट्रान्स स्त्रियाही (जन्माच्या वेळी 'मुलगा' अशी नोंद झालेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या) त्यात मोजल्या जातील, असं तिथल्या सरकारने मार्गदर्शिकेत म्हटलं. त्याला 'फॉर विमेन स्कॉटलंड' या संघटनेने आव्हान दिलं. प्रश्न उरला तो असा: २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' या शब्दाचा अर्थ काय? न्यायालय म्हणालं, त्या कायद्यापुरता अर्थ जैविक लिंगाचा. त्या कायद्याबाहेर 'स्त्री' कोणाला म्हणायचं आणि समाजात यावर जो वाद चालू आहे त्यात कोण बरोबर, हे ठरवणं आमचं काम नाही, असं निकालाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. पुढे पाठवण्याआधी पहिली दोन पानं वाचली असती, तरी हे दिसलं असतं.

"सगळे हक्क रद्द." मावशीला मी त्याच रात्री सांगितलं ते हे. त्याच समानता कायद्यात भेदभावापासून संरक्षण देणारे नऊ आधार आहेत आणि लिंगबदल हा त्यातला एक स्वतंत्र आधार आहे. निकालाने त्याला हात लावलेला नाही, उलट तो कायम असल्याचं स्पष्ट सांगितलंय. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही. बदलाची वाट धरायचं ठरवलं तरी संरक्षण लागू होतं. ट्रान्स आहे म्हणून भावाला कामावरून काढलं, तर ते आजही बेकायदाच आहे. कोणी एखाद्या ट्रान्स स्त्रीला बाई समजून बाई म्हणून डावललं, तर तीही दाद मागू शकते.

पण काहीच बिघडलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००२ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवलं, म्हणून २००४ चा लिंगओळख कायदा आला. त्याखाली सुमारे साडेआठ हजार लोकांनी प्रमाणपत्रं घेतली. नवी ओळख 'सर्व कारणांसाठी' मानली जाईल, असं त्या कायद्यात होतं. विवाहासारख्या बाबतींत ते प्रमाणपत्र आजही चालतं, समानता कायद्यातल्या 'स्त्री' या शब्दापुरतं चालत नाही. स्त्रियांसाठीच्या राखीव सोयींतून ट्रान्स स्त्रियांना बाहेर ठेवता येईल. आणि माझा भाऊ? त्या कायद्यात तो 'स्त्री' ठरला. पण पुरुषी दिसण्यामुळे ट्रान्स पुरुषांनाही स्त्रियांच्या सोयी नाकारता येतील, असं त्याच निकालात आहे. मग त्याने कामाच्या ठिकाणी कपडे बदलायचे कुठे? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला निकालात सापडलं नाही, आणि हा मला निकालातला गंभीर दोष वाटतो. एका गटाने दुसऱ्यावर मिळवलेला विजय म्हणून याकडे पाहू नका, अशी विनंती निकाल वाचून दाखवताना न्या. हॉज यांनी केली होती. आपल्याकडे मात्र तो फटाके फोडल्यासारखा पसरवला गेला.

"आपल्या कोर्टांनीही हेच करावं." जैविक कसोटी ब्रिटनमध्ये काल जन्माला आलेली नाही. १९७० मध्ये कॉर्बेट खटल्यात, स्वतः डॉक्टर असलेल्या न्या. ऑर्मरॉड यांनी गुणसूत्रं, जननग्रंथी आणि जननेंद्रियं यांवरून लिंग ठरवून एका ट्रान्स स्त्रीचा विवाह रद्दबातल ठरवला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात हीच कसोटी नावानिशी तपासली आणि नाकारली. माणसाचं मन स्वतःला काय मानतं, ते धरायचं ठरवलं. शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं. हे सगळं राज्यघटनेच्या कलम १४, १५, १६, १९ आणि २१ वर उभं आहे. कलम १४१ प्रमाणे आपल्या न्यायालयांना बांधतो तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. लंडनचा निकाल फार तर वाचून दाखवता येतो.

"मग उद्या कोणीही पुरुष बाई म्हणवून राखीव जागा घेईल," असं काकांनी पुढे लिहिलंय. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला नेमका हा प्रश्न आला होता. ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी एका ट्रान्स स्त्रीने भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला, पण आधी तिचं निवेदन नोंदवून घेतलं: संधी साधण्यासाठी ती पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, यापुढे आयुष्यभर स्त्रीच राहील. 'कोणीही' उठून असं लिहून देत नाही. ती निवडणूक लढली आणि जिंकलीही.

काका, तो मजकूर अजून गटावर आहे. मावशीही त्याच गटात आहे. आजच काढून टाका.