व्हिव्हियन थॉमस राहून गेले

कर्तबगार कृष्णवर्णीय व्यक्तींवरचा लेख आवडला. धावपटू ओवेन्स, मंडेला, ओबामा सगळे आले, पण विज्ञानाच्या भागात व्हिव्हियन थॉमस यांचं नाव हवंच होतं.

सुतारकाम करणारा हा तरुण. डॉक्टर व्हायचं म्हणून साठवलेले पैसे महामंदीत बँकेसकट बुडाले. 1930 मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक डॉ. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचं, पण हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा! हृदयातल्या दोषामुळे जन्मतः निळ्या पडणाऱ्या बाळांसाठीची शस्त्रक्रिया त्यांनी आधी कुत्र्यांवर करून करून बसवली. एवढ्याशा रक्तवाहिन्या शिवायच्या म्हणून सुयासुद्धा स्वतः कापून, घासून बारीक केल्या. 29 नोव्हेंबर 1944 ला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्या बाळावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा, कुठून घ्यायचा ते सांगत होते. शस्त्रक्रियेला नाव मात्र पडलं ब्लॅलॉक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. टॉसिग यांचं. थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळाली ती 1976 मध्ये.

माझ्या भाचीचं हेच ऑपरेशन झालं. फाइलवर 'बी.टी. शंट' (शंट म्हणजे फुप्फुसांकडे जास्त रक्त वळवणारा जोड) एवढंच होतं. त्यातला 'टी' टॉसिग यांचा. आता काही डॉक्टर थॉमस यांचंही नाव जोडून लिहितात, ते वाचून फार बरं वाटलं. भाची यंदा दहावीला आहे.