जुने भाष्यकार इतके भोळे नव्हते
लेख छान, पण बायबलमधली स्तोत्रं समजायला मूळ हिब्रू आली की चर्चच्या जुन्या भाष्यकारांची गरज नाही, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. बाविसावं स्तोत्रच घ्या, जुना भाष्यकार संत ऑगस्टीन, त्याला त्यात ख्रिस्ताचा आवाज ऐकू येतो, पण त्याच्याच काळातला मोप्सुएस्तियाचा बिशप थिओडोर म्हणत होता की हे दावीद राजाचंच दुखणं आहे, त्याचा मुलगा अबशालोम याच्या बंडातलं, आणि 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या चर्च परिषदेने थिओडोरला मेल्यानंतर दोषी ठरवलं तेव्हा त्याचं हे वाचनही उकरून काढलं. म्हणजे ऐतिहासिक वाचन काही आजचं फॅड नाही.
हिब्रू हवीच म्हणा, 145 व्या स्तोत्रात ओळी हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने सुरू होतात, त्यातली नून या अक्षराची ओळ रूढ हिब्रू पाठात गायब आहे (मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या जुन्या गुंडाळीत सापडते), मराठीत वाचताना पत्ताच लागत नाही. आमच्या शरणपूरच्या अभ्यासवर्गात हिब्रू आणि जुने भाष्यकार दोन्ही शेजारी ठेवतो, भांडणं होतात, होऊ देत. पुढच्या लेखात थिओडोर घ्याच.