सोमालियातला डॉक्टर कोणाच्या भरवशावर जगतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण विचार करून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. सोमालियात डॉक्टर मारले जातात ते अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेमुळे, आणि कुळं (म्हणजे वंशावरून जोडलेले गट), भरपाई, कंत्राटं यांची मी केलेली चर्चा म्हणजे खुन्यांची पाठराखण. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ (एमएसएफ) 2013 मध्ये देश सोडून गेली तो पळपुटेपणा. प्रत्येक दवाखान्यावर बंदूकधारी पहारा बसवला की प्रश्न मिटेल. आणि शेवटी, या सगळ्याशी आपला काय संबंध?

आधी अल-शबाबचं बघू. ही संघटना स्वतंत्रपणे पुढे आली ती 2006 च्या सुमारास. सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट जानेवारी 1991 मध्ये कोसळली आणि डॉक्टरांवरचे हल्ले तेव्हापासूनचे आहेत. मर्का शहरात क्षयरोगाचा दवाखाना चालवणाऱ्या इटालियन डॉक्टर ग्राझिएला फुमागल्ली यांना ऑक्टोबर 1995 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. 5 ऑक्टोबर 2003 रोजी बोरामा इथे क्षयरोग्यांसाठी काम करणाऱ्या इटालियन सेविका अन्नालेना तोनेल्ली मारल्या गेल्या. भटक्या पशुपालकांना सहा महिने एका जागी राहून क्षयाची औषधं पूर्ण करायला राजी करणं जवळपास अशक्य समजलं जायचं, ते त्यांनी करून दाखवलं होतं. मे 2010 मध्ये डॉ. हावा अब्दी यांच्या अफगोये रस्त्यावरच्या रुग्णालयावर चालून आलेले लोक अल-शबाबचे नव्हते, हिज्बुल इस्लाम या दुसऱ्या सशस्त्र गटाचे होते. 29 डिसेंबर 2011 रोजी मोगादिशूत एमएसएफचे फिलिप हावे आणि डॉ. आंद्रियास कारेल केइलुहू यांना मारणारा माणूस त्याच संस्थेचा जुना कर्मचारी होता. मे 2020 मध्ये बालअद जवळच्या गोलोले गावातून सात आरोग्य कर्मचाऱ्यांना पळवून ठार केलं गेलं. नेणारे गणवेशात होते.

यातल्या प्रत्येक घटनेत बंदूक वेगळ्या हातात आहे. अल-शबाब नसतीच तर या यादीतल्या किती घटना टळल्या असत्या, हे तुम्हीच मोजून बघा. हे विचारणं म्हणजे पाठराखण असं मला वाटत नाही. ज्याला डॉक्टर जिवंत राहायला हवे आहेत त्याला हे विचारावंच लागेल.

आता कुळांबद्दल. कोर्ट-पोलीस नसलेल्या सोमालियात माणसाचं संरक्षण करते ती त्याची भावकी. खून झाला की दोन्ही बाजूंचे वडीलधारे झाडाखाली बसतात आणि ‘दिया’, म्हणजे जिवाची भरपाई, ठरवतात. परंपरेने पुरुषाच्या जिवाला 100 उंट, स्त्रीच्या जिवाला 50. प्रत्यक्षात उंटांची किंमत पैशात धरतात, हप्ते पाडतात, आणि रक्कम एकटा खुनी भरत नाही, त्याची सगळी भावकी वाटून भरते. म्हणूनच भावकीतले लोक आपल्या तापट पोरांना आवरतात, कारण चूक एकाची आणि खिसा सगळ्यांचा. ही व्यवस्था क्रूर वाटेल, पण तिने शतकानुशतकं रक्तपात रोखलाही आहे. त्याच रूढ कायद्यात स्त्रिया, मुलं, म्हातारे, आजारी, पाहुणे आणि धर्मपंडित यांच्यावर भाला उगारायचा नाही असा दंडक आहे.

मग बिघडतं कुठे? पहिली गोष्ट, ही ढाल सगळ्यांना सारखी मिळत नाही. मोठ्या कुळातल्या सर्जनच्या केसाला धक्का लावताना दहा वेळा विचार होतो. सोमाली बांटू किंवा गाबोये अशा दुबळ्या अल्पसंख्य समाजातल्या परिचारिकेच्या मागे भरपाई वसूल करू शकणारी ताकद नसते, त्यामुळे तिच्या जिवाची किंमत मारेकऱ्याला पडत नाही. परदेशी डॉक्टरला तर भावकीच नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. ही व्यवस्था डॉक्टरवरच उलटते. शस्त्रक्रियेत रुग्ण दगावला तर नातेवाईक तो मृत्यू खुनासारखा मोजून डॉक्टरकडे दिया मागू शकतात. त्यामुळे सर्जन चाकू उचलण्याआधी संमती घेतो ती एका रुग्णाची नाही. नवरा, सासरा, भाऊ, कधी कुळातले वडीलधारे असे सगळे हजर लागतात. अडलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत हा वेळ जीवघेणा ठरतो. बाळ अडकलंय, सिझेरियन अर्ध्या-पाऊण तासात व्हायला हवं, आणि नवरा दुसऱ्या गावात उंटांमागे आहे. फोन लागेपर्यंत, तो ‘हो’ म्हणेपर्यंत, रक्त द्यायला नातेवाईक सापडेपर्यंत गर्भाशय फाटलेलं असतं. मग मृत्यू होतो आणि दोष डॉक्टरवर येतो. सोमालियात 2020 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार 1,00,000 जिवंत जन्मांमागे 692 माता दगावतात. या आकड्यात डॉक्टरांची भीतीही मिसळलेली आहे. अवघड केस हात न लावता पुढे पाठवणं डॉक्टरला सुरक्षित वाटतं आणि रुग्णाला ते महागात पडतं.

पहाऱ्याबद्दल तुमची सूचना ऐकायला सरळ वाटते. पण पहारेकरी आणायचे कुठून? सोमालियात बंदूक ही कुळाची असते. जुन्या काळी परक्या व्यापाऱ्याचा काफिला एखाद्या ‘अब्बान’च्या, म्हणजे स्थानिक संरक्षकाच्या, जबाबदारीवर चालायचा. मदतसंस्थांनाही 1991 नंतर तेच करावं लागलं. ज्या कुळाचा भाग, त्याच कुळाचे पहारेकरी, त्यांच्याच गाड्या, त्यांचंच घर भाड्याने, स्वयंपाकी आणि ड्रायव्हरही तिथलेच. बघता बघता दवाखाना हा त्या भागातला सर्वांत मोठा रोजगार होतो. आता एका लॉजिस्टिक्सवाल्याने डिझेल चोरलं म्हणून त्याला काढा. त्याच्या दृष्टीने तुम्ही एक नोकरी नाही काढली, एका भावकीच्या तोंडचा घास काढला. आणि त्याला रोखायची जबाबदारी ज्यांच्यावर, ते पहारेकरी त्याचेच चुलतभाऊ असतात. डिसेंबर 2011 मधला मारेकरी काढून टाकलेला माणूस होता, ही गोष्ट म्हणूनच इतकी बोलकी आहे. एमएसएफ जगभर बंदुकीशिवाय काम करते. सशस्त्र पहारा नेमावा लागला असा सोमालिया हा एकमेव देश असल्याचं संस्थेने स्वतः जाहीर केलं होतं. म्हणजे तुम्ही सुचवता तो उपाय दोन दशकं करून झालेला आहे.

आणि त्या मारेकऱ्याचं पुढे काय झालं? खटला चालला, 30 वर्षांची शिक्षा झाली, आणि तीन महिन्यांत तो सुटला. 14 ऑगस्ट 2013 रोजी एमएसएफने 22 वर्षांनंतर सोमालियातलं सगळं काम बंद केलं तेव्हा तिचे 16 कर्मचारी मारले गेलेले होते. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतून पळवलेल्या दोन सहकारी 21 महिन्यांनी, नुकत्याच जुलैमध्ये, सुटल्या होत्या. संस्थेचा आरोप फक्त हल्लेखोरांवर नव्हता. ज्या सशस्त्र गटांशी आणि मुलकी नेत्यांशी बोलणी करून सुरक्षेची हमी मिळवायची, तेच या हल्ल्यांना साथ देतात किंवा कानाडोळा करतात, असं तिने स्पष्ट सांगितलं. हमी देणाराच सामील असेल तर पुढच्या डॉक्टरला कोणत्या तोंडाने पाठवायचं? मला तो निर्णय योग्य वाटतो. त्याची किंमत मात्र भयंकर होती. त्याआधीच्या एका वर्षात, 2012 मध्ये, संस्थेने 6,24,000 तपासण्या केल्या होत्या आणि 41,000 हून अधिक रुग्ण दाखल करून घेतले होते. ती माणसं कुठे गेली असतील याचा विचार करवत नाही. संस्था 2017 मध्ये परतली, पण आधीच्या मानाने फार लहान प्रमाणात.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे. शिक्षण आणि वैद्यक यांच्याविरुद्ध ठरवून केलेली हिंसा अल-शबाबच्या खात्यावर सर्वांत जास्त आहे. 4 ऑक्टोबर 2011 रोजी मोगादिशूत शिक्षण मंत्रालयाच्या आवारात ट्रकबॉम्ब फुटला तेव्हा तिथे तुर्कस्तानच्या शिष्यवृत्तीचा निकाल बघायला विद्यार्थी जमले होते. अल-शबाबने जबाबदारी घेतली. तिच्या ताब्यातल्या भागांत लसीकरण बंद होतं. परिणामी 2013 मध्ये पोलिओ पुन्हा उफाळला आणि त्या एका वर्षात 194 मुलांना लकवा झाला. तेव्हा पथकांनी वेगळी वाट काढली. बंद भागात जाता येत नाही, तर तिथून बाहेर येणाऱ्या रस्त्यांवर, बसथांब्यांवर, पाणवठ्यांवर कायमची ठाणी मांडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाला डोस पाजायचा. याच मोहिमेत मर्काचे अली माओ मालिन काम करत होते. 1977 मध्ये देवीच्या नैसर्गिक लागणीचा जगातला शेवटचा रुग्ण ते स्वतः होते. जुलै 2013 मध्ये पोलिओच्या कामावर असताना मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला.

3 डिसेंबर 2009 चा शामो हॉटेलमधला स्फोट याच मालिकेतला. बेनादिर विद्यापीठ 2002 मध्ये जुन्या डॉक्टरांनी युद्ध चालू असताना उभं केलं. त्याच्या पदवीदान समारंभात स्त्रीवेशातल्या आत्मघाती हल्लेखोराने नवे डॉक्टर, त्यांचे शिक्षक आणि पालक यांच्यामध्ये स्फोट केला. आरोग्यमंत्री कमर अदेन अली यांच्यासह तीन मंत्री जागीच गेले. अल-शबाबने हात असल्याचं नाकारलं, पण लोकांनी ते मानलं नाही. काही दिवसांत शेकडो मोगादिशूकर रस्त्यावर उतरले आणि त्यांनी तिचे झेंडे जाळले. स्वतःच्या जिवावर उदार होऊन केलेला तो निषेध होता. सोमाली समाजाला डॉक्टरांची कदर नाही, हे तुमचं वाक्य त्यामुळेच मला मान्य नाही.

काय टिकतं हे बघायचं असेल तर मोगादिशूच्या उत्तर भागातलं केसाने रुग्णालय बघा. 1992 मध्ये सोमाली रेड क्रेसेंटने आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या मदतीने एका जुन्या तुरुंगात ते सुरू केलं. शहर दोन सेनानींत वाटलं गेलं होतं तेव्हाही तिथे सर्व कुळांचे कर्मचारी होते आणि सर्व बाजूंचे जखमी घेतले जायचे. 2010-11 च्या लढाईत त्याच्यावर तोफगोळे पडले, तरी ते बंद पडलं नाही. हावा अब्दींच्या रुग्णालयाभोवतीच्या छावणीत एका टप्प्यावर सुमारे 90,000 विस्थापित होते, आणि तिथे कुळाचं नाव काढायला बंदी होती. हल्लेखोरांनी त्यांना डांबलं तेव्हा त्या हटल्या नाहीत. लोकांच्या दबावापुढे ते मागे फिरले आणि डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडून लेखी माफी घेतली. या दोन्ही ठिकाणी दवाखाना एका कुळाची मालमत्ता होऊ दिला गेला नाही. माझ्या लेखी सगळ्या पहाऱ्यांपेक्षा हे मोठं संरक्षण आहे. बॉम्बपुढे तेही अपुरं पडतं.

बॉम्बचं गणित वेगळं असतं. 29 ऑक्टोबर 2022 रोजी झोबे चौकात पहिला स्फोट झाल्यावर मदतीला धावलेल्यांवर दुसरा झाला. मोगादिशूतल्या मोफत ‘आमीन’ रुग्णवाहिका सेवेची गाडी त्यात सापडली. चालकदलाने थांबावं की जावं? मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत रक्तस्रावाने जातो, त्यामुळे वीस मिनिटं थांबणं म्हणजे त्याला सोडून देणं. यातून मार्ग एकच दिसतो. चौकातल्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना, विद्यार्थ्यांना जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा टाळून, आवळपट्टी बांधायला शिकवायचं. चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी, पीळ द्यायला काठी, रक्त पूर्ण थांबेपर्यंत पीळ, आणि बांधल्याची वेळ कपाळावर लिहायची. बारीक दोरी वापरली तर ती मांस कापते आणि धमनी दाबली जातच नाही. सैल बांधली तर रक्तस्राव उलट वाढतो, कारण शिरा दबतात आणि धमनी चालू राहते. मग जखमींना त्या जागेपासून हलवून रुग्णवाहिकेला दुसऱ्या कोपऱ्यावर बोलवायचं.

राहिला आपला संबंध. ऑगस्ट 1994 च्या अखेरीला बैदोआत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले तीन भारतीय डॉक्टर रॉकेट-ग्रेनेडच्या स्फोटात मारले गेले. आपल्याकडे ते फारसं कोणाच्या स्मरणात नाही. पुण्यात आजही सोमाली विद्यार्थी शिकतात आणि ज्यांना परवडतं ते सोमाली रुग्ण उपचारासाठी भारतात येतात. त्यांच्या गावातला सर्जन मारला गेला किंवा निघून गेला, याची फी ते इथे भरतात. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या शेजारी राहत असेल तर ही चर्चा त्याच्याशी करून बघा. माझ्या मांडणीत काही कच्चं असेल तर तो ते तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक दाखवेल, आणि ते इथे लिहिलंत तर मी त्यालाही उत्तर देईन.